वेशीबाहेर भेटलेलं गाव

कोकणातून परत आल्यावर संस्थेत सगळ्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. समुद्र कसा होता, आणि आपल्या वसतिगृहाचं काय झालं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. समुद्र सारखा बोलत असतो आणि दोन दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो. दुसऱ्याचं उत्तर देताना मात्र एका गावाबद्दल सांगावं लागतं, आणि ते चहाच्या कपाएवढ्या वेळात होत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या आमच्या वस्त्या आणि तांडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादम ट्रक आणतो, त्यात गाद्या, भांडी, शेळी आणि पोरं चढतात, आणि चैत्रापर्यंत घरांना कुलपं लागतात. पोरांची शाळा तिथेच तुटते. ती तुटू नये म्हणून आमची संस्था सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह चालवते. यंदा त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. चाळीस गाद्या घातल्या, चाळीस ताटं आणली, स्वयंपाकाला बाई नेमली. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी दार उघडलं, तर मुलं आली अकरा. बाकीच्यांचे ट्रक लक्ष्मीपूजनाच्या आधीच गेले होते.

निधी देणाऱ्या ट्रस्टचं पत्र आलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या कार्यकर्तीने प्रकल्प व्यवस्थापनाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं आणि शेवटच्या दिवशी पुढच्या हंगामाचा आराखडा ट्रस्टच्या अधिकाऱ्यांसमोर मांडावा. तो पटला तर वसतिगृह चालेल, नाही तर हा शेवटचा हंगाम. आमचे सचिव मोरे सर पत्र माझ्या हातात देत म्हणाले, "सविता, जाऊन ये. पण नुसती वही भरून आणू नकोस."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला शिकवायला किती जणांनी किती केलं हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच अकरा हा आकडा मला झोपू देत नव्हता.

तोंडवली, पहिला दिवस

कोल्हापूरनंतर फोंडा घाट उतरला आणि गाडीत शेजारी बसलेल्या बाईने स्वेटर काढून पिशवीत ठेवला. मीही काढला. खाली सगळं हिरवं होतं आणि घरं दिसतच नव्हती. आमच्याकडे घराच्या ओट्यावर उभं राहिलं की पुढच्या गावाची शाळाही दिसते. इथे शेजारणीला हाक मारली तर आवाज झाडांतून येतो, शेजारीण दिसत नाही. माणसं एवढी लांब लांब राहत असतील तर यांच्या सभा कशा होत असतील, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. एवढं काम डोक्यात बसलं होतं.

तोंडवली ही सिंधुदुर्गातली वाळूची लांब पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माड. आमची सोय मंदावैनींच्या घरी होती. त्यांचे यजमान होडी घेऊन जातात, आणि त्या पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतात. आम्ही सोळा जण होतो, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या संस्थांमधले. माझ्या खोलीत नंदुरबारच्या रजनीताई होत्या. त्या वीस वर्षं आरोग्याचं काम करत होत्या आणि प्रशिक्षणांना सरावलेल्या होत्या.

"पाच दिवस आहेत ना," त्या उशी ठोकत म्हणाल्या, "म्हणजे तीन दिवस कागद चिकटवायचे आणि दोन दिवस काढायचे."

दुपारी पानात बांगड्याची आमटी आली. आमच्या घरी सणाला मटण होतं, पण मासा मी कधी काट्यांसकट खाल्लेला नव्हता. तिसऱ्या घासाला काटा घशात बसला. मी पाणी पीत राहिले, डोळे भरून आले, आणि सोळा जणांत कोणाला कळू नये म्हणून खाली मान घालून बसले. मंदावैनींना मात्र स्वयंपाकघरातूनच कळलं.

"काटो लागलो मा?" त्या भाताचा गोळा घेऊनच आल्या. "ह्यो गिळ. चावू नको. गिळ म्हणतंय ना."

काटा गेला.

"आता सांग, आदी कित्याक बोलाक नाय?"

"मला वाटलं जाईल आपोआप."

"आपोआप खंय काय जाता गो," असं म्हणून त्यांनी मला दुसरा बांगडा वाढला आणि मधला काटा स्वतःच्या हातांनी काढून दिला.

दुसरा दिवस

शिकवायला पुण्याहून केतकी मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या, बोलताना सारख्या उभ्या. माडांखाली पडवी होती तिथे वर्ग भरला. रजनीताई म्हणाल्या तसं कागद चिकटवणं होतंच, पण मला ते आवडलं. भिंतीवर मोठा तक्ता लावायचा. डावीकडे एकाखाली एक कामं, वर तारखा, आणि प्रत्येक काम कुठे सुरू होतं नि कुठे संपतं याची आडवी पट्टी. मॅडम त्याला गँट चार्ट म्हणत होत्या. माझं वसतिगृह त्या पट्ट्यांमध्ये इतकं नीट दिसत होतं की मला वाटलं, हा तक्ता दसऱ्याआधी माझ्याकडे असता तर मुलं अकराच राहिली नसती. मी तारखांवर लाल शाईने रेघ मारली आणि पुढच्या खेपेस दार आठ दिवस आधी उघडायचं ठरवलं. एक नोव्हेंबर.

मॅडमनी सरावासाठी प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं. माझ्या वाट्याला गुरुवारची गावभेट आली. जवळच्या एका गावात जायचं, लोकांशी बोलायचं, आणि त्या भेटीचं सगळं नियोजन मी करायचं. मॅडमनी तिथल्या निवृत्त शिक्षकांचा नंबर दिला, परब गुरुजींचा. मी वहीत प्रश्न लिहून घेतले आणि फोन लावला.

"गुरुवारी आम्ही सोळा जण येऊ का, सर? लोक भेटतील ना?"

"गुरुवारी?" गुरुजी अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, "या की. उलट त्या दिवशी सगळेच भेटतील. आम्ही वेशीबाहेरच असू."

मला फार बरं वाटलं. आमच्याकडे मोठा पाहुणा असला की गावकरी वेशीवर घ्यायला येतात, हलगी वाजवत गावात नेतात. आम्ही शिकाऊ माणसं, तरी या लोकांनी एवढा मान द्यावा. मी तक्त्यावर लिहिलं: सकाळी दहा, वेशीवर स्वागत. सव्वादहा, ग्रामपंचायत. अकरा, महिलांशी चर्चा. साडेबारा, जेवण.

मंदावैनींनी तक्ता वाचला नाही, पण बेत ऐकला.

"मगे पळणीक जातास म्हण की. बरां. रिकाम्या हातान जाव नको, ह्यो नारळ घे."

पळणी हे त्या गावातल्या वाडीचं नाव असेल असं मला वाटलं. मी कंसात तेही लिहिलं आणि नारळ पिशवीत टाकला.

तिसरा दिवस, गावात

आमच्या गाडीचा चालक कोल्हापूरचा होता. त्याने फोनवरच्या नकाशात बघून खाडीच्या बाजूचा जवळचा रस्ता धरला आणि आम्ही दहाला पाच मिनिटं कमी असताना थेट गावाच्या मधोमध पोचलो. वेस कुठे लागलीच नाही.

ग्रामपंचायतीला कुलूप होतं. शाळेला कुलूप होतं. पिठाच्या गिरणीला, किराणा दुकानाला, आणि ज्या ज्या घरापर्यंत मी चालत गेले त्या प्रत्येकाला कुलूप होतं. एक दार तेवढं कुलपाऐवजी काथ्याने बांधलेलं होतं. अंगणात तुळस होती, दोरीवर कपडे नव्हते. मी दोन हाका मारल्या. तेव्हा लक्षात आलं की कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. गोठ्यात दावी होती, गुरं नव्हती. कोंबडी नव्हती. मी पुष्कळ रिकाम्या वस्त्या पाहिल्या आहेत, पण आमच्या रिकाम्या वस्तीत म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात, मागे राहिलेली कुत्री अंगावर येतात. इथे मागे काहीच नव्हतं.

गुरुजींचा फोन लागत नव्हता. बाकीचे सगळे गाडीशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"तुझा तक्ता बरोबर आहे गं," रजनीताई हळूच म्हणाल्या. "गावच चुकलंय."

कोणीतरी हसलं. मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मलाही काही माहीत नाही, सविता. पण आजचा दिवस तुझ्या ताब्यात आहे. काय करायचं ते तू सांग."

परत जाऊ असं म्हणणं सोपं होतं. पण परत गेले असते तर अकरा मुलांनंतरची दुसरी चूक माझ्या नावावर लागली असती. मी म्हटलं, "गुरुजी वेशीबाहेर म्हणाले होते. गावाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडू. वेस सापडेल तिथे विचारू."

दोन वळणं घेतली, चढ चढला, आणि वर कातळाच्या सपाट सड्यावर गाव सापडलं. सगळं. माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या रांगेने उभ्या होत्या. चुली पेटल्या होत्या, गुरं बांधली होती, मुलं लगोरी खेळत होती, आणि सोळा जणांना एकदम भुंकायला पुरेशी कुत्री होती.

पुढे आले ते परब गुरुजी. त्यांच्या मागून काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांना सगळे दाजी म्हणत होते, देवळातल्या मानाच्या माणसांपैकी ते एक.

"खंयच्या वाटेन इलास तुमी?" दाजींनी विचारलं.

मी खाडीकडे हात केला.

"म्हंजे गावातसून?"

चुलीपाशी बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं ते असं. ही गावपळण. दर काही वर्षांनी, ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री तिथे राहतं. या दिवसांत गाव देवाचं असतं. आत पाऊल टाकायचं नसतं.

"मास्तर, तुमी तेंका सांगलास नाय?" दाजी म्हणाले.

"सांगितलं तर. वेशीबाहेर असू म्हणालो."

"आमच्याकडे पाहुण्यांना घ्यायला वेशीवर येतात," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही मान देताय. चूक माझी आहे. या सगळ्यांची नाही."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला उशिरा कळलं की ते हसताहेत.

"मान तर गावलोच तुका. पळणीत गावात जावन इलेली पयली माणसां तुमी." मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आत कोण गावलो काय?"

"कोणीच नाही."

"कोंबडो? मांजर?"

"नाही."

ते बायकांकडे वळले. "आयकलास? सोळा माणसांनी बघल्यानी. कोण मागे रवाक नाय." आणि मला म्हणाले, "तो पिशयेतलो नारळ देवाच्या नावान हय ठेव. आता गाव परत भरापर्यंत तिकडे जाव नको. बस, पेज जेव."

मी नारळ ठेवला, नमस्कार केला. माझा सकाळचा कार्यक्रम तिथे संपला आणि दिवस सुरू झाला.

सड्यावर

मला सुमतीकाकींच्या झोपडीत बसवलं. साठीच्या, काटक, बोलताना हात थांबत नाही अशा. उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याची चटणी त्यांनी पुढे ठेवली. झोपडीच्या आतल्या बाजूला, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, त्यांच्या सासूबाई वाकळीवर निजल्या होत्या. शेजारी एका टोपलीत कोंबडी बसली होती, अंड्यांवर.

"हिलाही आणलंत?" मी विचारलं.

"खुडूक बसली हा. तिका कळता काय पळण काय आसा तां? अंड्यांसकट उचललंय. वाटेत दोनदा चावली माका."

मी वही काढली. वहीत प्रश्न तयार होते. पहिला वाचला, "गावपळणीचं नियोजन कोण करतं?"

"नियोजन म्हंजे?"

"म्हणजे कोणी काय न्यायचं, आधी कोण निघायचं, हे ठरवतं कोण?"

काकींनी पळी चुलीवर आपटली. "तुमचां काय ता म्हायत नाय. आमच्या घरात पयलां सासूचां ठरता. तिका चलाक येना नाय. ती कशी जातली, कोणाच्या खांद्यार जातली, हय तिका निजाक खंय. तां ठारला की मगे कोंबडी. मगे गाभण गाय. बाकीच्यांचा काय ठरवूचा? चलणारो चलत येता."

"आणि दिवस कोणता हे आधीपासून माहीत असतं?"

"देव सांगतलो तेवा. मगे हातात दिवस थोडे."

"मग एवढ्या झोपड्या?"

"झापां दिवाळेआदीच विणून ठेवतो गो. कौल झालो की मगे विणूक बसलो तर उघड्यार निजाक व्हया." त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं. "ह्या लिवन खंय नेतलंस?"

मी त्यांना सांगितलं. आमच्याकडेही गावं रिकामी होतात, सहा महिने.

"सा म्हयने? तुमच्या देवान सांगल्यान?"

"देवाने नाही. कारखान्याने."

"आणि म्हातारी माणसां?"

"ती मागे राहतात."

"पोरां?"

"जातात. काही मागे राहावीत म्हणून आम्ही प्रयत्न करतो."

काकी सासूबाईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आल्या आणि म्हणाल्या, "मगे ती पळण न्हय. ती फाटाफूट."

मी पेज खात राहिले. मग त्यांनी विचारलं, "ती मागे रवणारी पोरां तुमका गावतत कशी? कोणापसून सुरू करतास?"

मी म्हटलं, जी येतात त्यांच्यापासून. आणि तोंडातून ते वाक्य बाहेर पडताच मला माझे अकरा जण दिसले. अकरांपैकी नऊ मुलगे होते. ज्यांच्या घरी सांभाळायला लहान भावंड नव्हतं, ज्यांना सोडून जाणं आईबापांना जमण्यासारखं होतं, ते आले होते. काकींच्या भाषेत, चलणारे. न आलेल्या एकोणतीस जणांत मुली जास्त होत्या. फडावर आईबाप ऊस तोडतात तेव्हा कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बारक्याला सांभाळायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. तिच्यासाठी मी गादी ठेवली होती. बारक्याचा विचार केलाच नव्हता.

हे मला कळायला सिंधुदुर्गात यावं लागलं याची मला लाज वाटली, कारण ही माझीच गोष्ट आहे. मी चौथीत होते आणि माझा भाऊ रांगत होता. आई त्याच्यासाठी मला फडावर नेणार होती. मावशीने तिच्या हातातून त्याला घेतलं आणि कडेवर बसवलं. म्हणाली, "हा मजकडं ऱ्हाईल. आता हिला न्यायचं काय काम?" तेवढ्यामुळे मी शाळेत राहिले. मी पदवीच्या फोटोत उभी आहे ती त्या कडेवरच्या भावामुळे, आणि प्रकल्पाच्या अर्जात मुलाचं वय सहा ते चौदा असा रकाना होता म्हणून मी ते विसरून गेले.

सासूबाई जाग्या झाल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"इचारता, ही खंयची सून." काकी मोठ्याने म्हणाल्या, "सून न्हय गे. ही गावात जावन कोण रवलो काय तां बघून इली."

म्हातारीने माझा हात धरून ठेवला. आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

चौथा दिवस

मी भिंतीवरचा तक्ता उतरवला. केतकी मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"सगळाच?"

"हो. तारखा चुकीच्या आहेत. आठ दिवस आधी उघडलं तरी चुकीच्याच राहतील. ट्रक कधी येणार ते मुकादम ठरवतो, मी नाही."

"पण वरच्या ओळीत काहीतरी लिहावं लागेल."

"तेच शोधते आहे."

त्या दिवशी दुपारी सगळे किनाऱ्यावर गेले, मी पडवीत बसले. वरच्या ओळीत तारखांच्या जागी खुणा लिहिल्या. मुकादमाने टोळी बांधायला सुरुवात केली. टोळीतली नावं ठरली. ट्रकचा निरोप आला. ट्रक आला. प्रत्येक खुणेखाली आमचं काम. डावीकडच्या पहिल्या ओळीत गादी नाही, धान्य नाही. पहिली ओळ: ज्या घरात बारकं आहे ते घर. दुसरी ओळ: त्या वस्तीत मागे राहणारी कोणती बाई त्याला घेईल. त्या बाईची वसतिगृहात राहण्याची सोय. मग बाकीचं.

हे लिहिताना जागा पुरेनात. बारक्यांसाठी खोली हवी, दोन बायकांची सोय हवी. आहे त्याच निधीत चाळीस बसत नव्हते. तीन वेळा मांडलं आणि तिन्ही वेळा पंचवीसच आले. मला रडू आलं. पंधरा मुलं मी स्वतःच्या हातांनी खोडत होते.

मंदावैनी शिंपले निवडत शेजारी बसल्या होत्या. "कालचो नारळ चललो मा?" त्यांनी विचारलं.

"चालला. वैनी, तुम्ही मला पळण म्हणजे काय ते सांगायचं होतंत."

"तू इचारलंस खंय?" त्या म्हणाल्या. "तू लिवन घेतलंस."

पाचवा दिवस

ट्रस्टचे बापट सर सकाळी आले. सभ्य गृहस्थ, प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेणारे. माझा क्रम सातवा होता. मी बोलले तेवढा वेळ ते चष्मा हातात धरून बसले. मग म्हणाले, "वसतिगृह सुरू होण्याची तारीख दिसत नाही."

"सर, तयार असण्याची तारीख आहे. घटस्थापनेला खोल्या, धान्य, माणसं सगळं तयार. मूल कधी आत येईल ते त्याच्या टोळीच्या ट्रकवर. ट्रक हलण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्या दारात असू."

"समितीसमोर मला एक तारीख ठेवावी लागते."

"मागच्या आराखड्यात एक तारीख होती. ती आम्ही पाळली. मुलं गेलेली होती."

त्यांनी पान उलटलं. "आणि हे दीड-दोन वर्षांचं मूल? आमचा निधी शिक्षणासाठी आहे. यात पाळणाघर बसत नाही."

मी घाबरले होते, पण मागे हटायचं नाही हे ठरवून उभी होते. "त्या मुलाला शिकवायचं नाही, सर. त्याच्या बहिणीला शिकवायचं आहे. त्याला घेतलं नाही तर ती येणार नाही. तुम्ही गादी द्याल, ती रिकामी राहील. यंदा एकोणतीस राहिल्या."

"म्हणून चाळीसाचे पंचवीस."

"हो."

"पंधरा मुलांना तुम्ही नाही म्हणणार."

"त्या पंधरांना यंदाही आम्ही आणू शकलो नाही. कागदावर मात्र ती आमच्याकडे होती. मला कागदावर पंचवीस हवीत आणि खोलीतही पंचवीस हवीत."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बापट सरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आठवा क्रमांक पुकारला. मी जागेवर येऊन बसले तेव्हा रजनीताईंनी माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली. मी ती अर्धी संपवली.

परतल्यावर

पत्र माघात आलं. पंचवीस जागा, एका हंगामापुरत्या, बारक्यांच्या सोयीसकट. अट एकच: पंचवीस मुलांच्या पालकांची संमती चालू हंगाम संपायच्या आत हवी. म्हणजे पालक गावी परतायची वाट बघत बसायचं नाही. मोरे सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग निघ."

पहिल्या ओळीत पहिलं नाव पूजाचं होतं. पाचवीत होती, दिवाळीपासून शाळेत नाही. मी आधी तिच्या वस्तीवर गेले, मग एसटीने कृष्णाकाठच्या फडावर. कोप्यांची रांग होती. पूजा कोपीच्या सावलीत बसली होती, मांडीवर भाऊ. मला बघून उठली नाही, कारण तो नुकताच निजला होता. तिची आई फडात मोळी बांधत होती. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. ती बांधता बांधता ऐकत होती.

"पूजीला ठिवते," ती म्हणाली. "पर बारक्याचं काय?"

"बारकाही तिच्याबरोबरच राहील. त्याचीही जागा धरली आहे."

तिने पहिल्यांदा हात थांबवले. "रातीचा उठून रडतोय त्यो. पूजीला आवरतोय व्हय? कोन घेईल त्याला?"

"तुमच्या चुलत जाऊबाई. गंगूबाई. त्या यंदा गावीच आहेत, पुढच्या सालीही राहणार आहेत. वसतिगृहात राहतील."

"तिला इचारलंय का?"

"त्यांनीच मला इकडचा पत्ता दिला."

तिने कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि कोपीकडे बघितलं. तिकडून आवाज नव्हता. मुकादमाने लांबून हाक मारली, तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"मग दोघांची नावं लिव्ह," ती म्हणाली, आणि पुढची मोळी ओढून घेतली.